सरांच्या वहीतली खोट

सरांनी जिवंतपणी मला त्यांच्या नोट्स दिल्या नाहीत. ते गेल्यावर मी त्या मिळवल्या. चोरल्या नाहीत हां, घरच्यांची रीतसर परवानगी घेतली, कागदावर सही घेतली. तरीपण आजही दुपारी वाचनालयात सामसूम झाली, की मागच्या कपाटांमध्ये कुणीतरी घसा खाकरतं, आणि मी मान वर करत नाही. भुताखेतांची मला भीती नाही. सरांची आहे.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. नोकरीला वीस वर्षं होऊन गेली. माझं तोंड फटकळ आहे, हे मी सांगायची गरज नाही, कॉलेजात कुणालाही विचारा. बोट ओलं करून पान उलटणाऱ्या प्राध्यापकालासुद्धा मी सोडलेलं नाही. आणि माझ्या हातून लिहिताना, टाइप करताना चूक होत नाही, ही माझी मिजास होती. दुसऱ्याच्या कागदातली चूक मला लांबून दिसायची. लोक मुद्दाम आपले अर्ज माझ्याकडं वाचायला आणायचे.

मध्यंतरी अभ्यासक्रम बदलला. नव्या अभ्यासक्रमाची मराठीतली पुस्तकं आलीच नव्हती. होती ती इंग्रजी, आणि किंमत अशी की पोरांनी नुसती हातात घेऊन परत ठेवावीत. मग बाजारातलं गाईड, त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स. शेवटच्या पोराच्या हातात जो कागद पडायचा त्यात अर्धी ओळ कागदाच्या बाहेर गेलेली असायची. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, की जगात ठिकठिकाणी शिक्षक आपलं अभ्यासाचं साहित्य मोकळं करून ठेवतात, कुणीही वाचावं, छापावं, गरजेप्रमाणं बदलावं, फक्त मूळ लिहिणाऱ्याचं नाव राखावं. आपल्या प्राध्यापकांना ते वापरायला शिकवा, आणि त्यांच्याही नोट्स तशाच मोकळ्या करायला लावा. आम्ही त्याला साध्या भाषेत मुक्त नोट्स म्हणू लागलो.

सांगणं सोपं होतं. पण प्राध्यापकाच्या नोट्स मागणं म्हणजे बाईला तिच्या माहेरच्या मसाल्याचं प्रमाण विचारण्यासारखं. एक म्हणाले, सगळं फोनवर मिळालं तर वर्गात येईल कोण. दुसरे म्हणाले, मॅडम, आमच्या नोट्स अजून तशा तयार नाहीत, आणि त्या नोट्स ते माझ्या माहितीप्रमाणं पंधरा वर्षं सांगत होते. मी तोंडावर म्हणाले, "पंधरा वर्षांत भाकरी करपली असती, सर." ते आठ दिवस वाचनालयात फिरकले नाहीत.

सगळे एकच सांगायचे. आधी रसायनशास्त्राच्या सरांच्या नोट्स आणा, मग आमच्या मागा.

हे सर तेव्हा निवृत्त झाले होते. तरी रोज अकराला कॉलेजात यायचे, वाचनालयात पेपर वाचायचे आणि मग प्रयोगशाळेत जाऊन पोरांचे तास घ्यायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देत नव्हतं. त्यांच्या हातच्या दहा धड्यांच्या दहा वह्या होत्या, सगळ्या मराठीत. पोरं त्या वर्गात उतरवून घ्यायची, मग त्यांच्याकडून खालच्या वर्गातली पोरं. परांड्याकडच्या, उमरग्याकडच्या कॉलेजांतसुद्धा त्या वह्यांच्या नकला पोचल्या होत्या असं म्हणायचे.

मी सरांना तीनदा विचारलं. दोनदा ते नुसतं हसले. तिसऱ्यांदा पेपरची घडी घालत म्हणाले, "ग्रंथपालबाई, माझी वही एकटी कुठं धाडायची न्हाय. ती माझ्यासंगंच बोलती."

मला राग आला. मी म्हणाले, "सर, तुम्ही काय जन्मभर पुरणार आहात का पोरांना?"

त्यांनी घडी घातलेला पेपर टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "न्हाय की. म्हणूनच देत न्हाय."

मला ते उत्तर अडाणीपणाचं वाटलं. म्हातारपणी माणूस आपल्या वस्तूला चिकटतो, तसं काहीतरी. त्याच हिवाळ्यात एका सकाळी सर आंघोळीला गेले आणि तिथंच कोसळले. हृदयविकार. मी माती देऊन घरी आले तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, मी त्यांना विचारलेला प्रश्न तेवढा होता.

तीनेक महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, एकट्याच होत्या. मुलगा पुण्याला. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या, पण वाचायचं वेड. आजारपणातून उठलेलं बारीक अंग, आवाज मात्र खणखणीत. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पोरांना पुस्तक परवडत नाही, सरांच्या वह्या जिल्ह्याच्या बाहेरसुद्धा उपयोगी पडतील, सरांचं नाव पानापानावर राहील.

काकूंनी फक्त एक विचारलं. "त्यांच्या नावाला बट्टा तर लागायचा न्हाय ना, बाई?"

"उलट नाव होईल, काकू," मी म्हणाले. "माझ्यावर सोडा."

आणखी एक अट त्यांनी घातली. वह्या घराबाहेर जाणार नाहीत. मग उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर मी रोज दुपारी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी जाऊन बसू लागले. काकू माळ्यावरून एकेक वही काढून द्यायच्या. सरांचं अक्षर बारीक, तिरकं, एका पानात दोन पानांचा मजकूर. फोटो काढून टाकले असते तर कुणाला वाचता आले नसते, म्हणून मी सगळं टाइप केलं. काकू समोर शेंगा फोडत बसायच्या. मध्येच उठून चहा टाकायच्या, आणि मी नको म्हटलं तरी कप माझ्या हातात द्यायच्या. बोलणं फार नव्हतं. पण टाइप करताना सरांचा आवाज मला इतका स्वच्छ ऐकू यायचा, की ओळ संपली की त्यांचं ते ठरलेलं "हं, पुढं" कानात पडायचं. मी पुढं जायची.

वह्या संपल्या. मी रसायनशास्त्राच्या नव्या शिक्षकांना सगळा मजकूर तपासायला दिला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी 'तपासले, बरोबर आहे' असं लिहून सही करून परत दिला. दहा धडे एका दिवसात. मला तिथंच शंका यायला हवी होती. पण सरांच्या नोट्स तपासायच्या काय असतात, असं त्यांनाही वाटलं आणि मलाही. आमच्याकडं असंच असतं, मोठ्या माणसाच्या कागदावर कुणी वाचून सही करत नाही, नमस्कार केल्यासारखी करतात.

मुक्त नोट्स महाविद्यालयाच्या पानावर गेल्या. लोकांनी भराभर एकमेकांना पाठवल्या. फोन आले, कौतुक झालं. इतिहासाच्या सरांनी तर स्वतः येऊन आपली जाडजूड वही माझ्या टेबलावर ठेवली. मी मनातल्या मनात सरांना म्हणाले, बघा, एकटी धाडली तरी बोलती तुमची वही.

पुढच्या परीक्षा झाल्यावर मुरुमकडच्या एका कॉलेजातून फोन आला. बोलणाऱ्या बाई तिथं रसायनशास्त्र शिकवत होत्या, आवाजावरून तरुण वाटल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या नोट्समध्ये ज्योत परीक्षेचा तक्ता चुकलाय. स्ट्रॉन्शियम आणि बेरियमचे रंग उलटे आहेत."

ज्योत परीक्षा म्हणजे एखादा क्षार आचेवर धरायचा आणि ज्योतीचा रंग बघून त्यात कुठला धातू आहे ते ओळखायचं. प्रात्यक्षिक परीक्षेत पोरांना अनोळखी क्षार देतात, ते याच्यावरून ओळखायचे असतात.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हणाले, "तुमचं वय किती? सरांनी जितकी वर्षं शिकवलं तितकं नसेल."

"नसेल," त्या म्हणाल्या. "पण बेरियमची ज्योत हिरवी असते. माझ्या एका मुलीनं हिरवी ज्योत बघितली आणि तुमच्या तक्त्याप्रमाणं स्ट्रॉन्शियम लिहिलं. ती प्रात्यक्षिकात नापास झाली. तिचे आई-वडील मेंढ्या घेऊन गावोगाव फिरतात, मॅडम. तिला पुस्तक घेणं जमत नव्हतं, म्हणून मीच तिला तुमच्या नोट्स दिल्या होत्या. माझ्यावर विश्वास ठेवून तिनं त्या पाठ केल्या."

मी फोन ठेवून आमच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांकडं गेले. या वेळी त्यांना माझ्यासमोर बसवून वाचायला लावलं. तक्ता चुकलेला होता. आणि ते पुढं वाचत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. धड्याधड्यात एकेक चूक होती. साधीसुधी नाही. जड पाण्याच्या, म्हणजे साबणाचा फेस न येणाऱ्या पाण्याच्या धड्यात लिहिलं होतं, की सोडियमच्या क्षारांमुळं पाणी जड होतं; खरं ते कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळं होतं. एका ठिकाणी तर पोटॅशियम पाण्याखाली साठवतात असं होतं, आणि पोटॅशियमला पाणी लागलं तर ते पेट घेतं, हे शाळेतलं पोरही सांगेल.

बातमी स्टाफरूममध्ये पोचायला किती वेळ लागतो. इतिहासाचे सर आपली वही परत घेऊन गेले. कुणीतरी म्हणालं, सरांचं म्हातारपणी जरा डोकं... आणि वाक्य अर्धं सोडलं. प्राचार्यांनी मला सांगितलं, "आठ दिवसांत काय ते बघा. नाहीतर सगळं काढून टाकू, आणि मुक्त नोट्सचा नादच सोडू."

मला नोट्सपेक्षा काकू डोळ्यासमोर येत होत्या. नावाला बट्टा तर लागायचा न्हाय ना, बाई. मी जेवताना, झोपताना तेच ऐकत होते. आणि सर, ज्यांनी आयुष्यात खडूचा तुकडा वाया घालवला नाही, ते असल्या चुका करतील हे मनाला पटत नव्हतं.

सरांचा एक जुना विद्यार्थी तामलवाडीला होता. द्राक्षबागायतदारांची माती आणि पाणी तपासून द्यायचा त्याचा धंदा. रविवारी मी एसटीनं तिथं गेले. बाटल्यांच्या रांगेमागं तो बसला होता. मी त्याच्यासमोर कागद ठेवले आणि म्हणाले, "बाबा, हे सरांच्या हातचं आहे आणि हे चुकलेलं आहे. मला काही कळंना झालंय."

त्यानं पोटॅशियमची ओळ वाचली आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ही खोट हाय मॅडम, सरांची," तो म्हणाला. "तुमाला ठाव न्हाय व्हय?"

मग त्यानं सांगितलं ते मी इतकी वर्षं त्यांच्या प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडं बसून कधी ऐकलं नव्हतं. सर प्रत्येक धड्यात मुद्दाम एक चूक लिहून सांगायचे. तिला पोरं खोट म्हणायची. पोरांनी खाली मान घालून उतरवून घेतलं, की सर थांबायचे आणि विचारायचे, "निघाली का खोट?" जो पकडंल त्यानं उरलेला तास सरांच्या खुर्चीत बसायचं आणि सर त्याच्या बाकावर. खोट निघाल्याशिवाय पुढचा धडा नाही. आणि एक नियम होता. खरं काय ते वहीत लिहायचं नाही.

"सर म्हणायचे, दुरुस्ती डोक्यात करा. वही पुढच्या पोरांची हाय, त्यांचा शिकार करायचा हक्क मारू नका." तो जड पाण्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "ही म्या पकडली होती. आमच्या बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत न्हवता, आणि भांड्याला पांढरा थर बसायचा. म्या म्हनलं, सर, हा थर काय मिठाचा न्हाय. सर उठले आणि खुर्ची पुसून दिली मला."

म्हणूनच देत न्हाय, असं सर म्हणाले होते. वही माझ्यासंगंच बोलती. त्यांनी मला सरळ सांगितलं होतं आणि मी त्यांना म्हातारा हट्टी म्हणून निकालात काढलं होतं. त्यांनी रचलेला खेळ मी खेळगड्याशिवाय रस्त्यावर आणून ठेवला होता.

पण खरं सांगते, त्याहीपेक्षा मला आनंद झाला. सर चुकले नव्हते.

आम्ही दोघांनी मिळून दहाही धड्यांतली खोट काढली. जिथं त्याला आठवेना तिथं त्यानं सोबतच्यांना फोन लावले. सोनारीच्या एका शेतकऱ्यानं तर मोटर बंद करून फोनवर धडा म्हणून दाखवला. प्रत्येकाला आपण पकडलेली खोट आठवत होती, आणि त्या दिवशी खुर्चीत बसून काय वाटलं तेही. शेवटी ज्योतीच्या तक्त्यावर आलो तेव्हा त्याचा चेहरा बदलला.

"ह्या धड्यातली खोट दुसरी हाय," तो म्हणाला. "क्षार आचेवर धरायची तार साफ करायला सर गंधकाम्ल लिहायचे, खरं मिठाचं आम्ल, म्हंजे हायड्रोक्लोरिक पाहिजे. एका धड्यात दोन खोटी सर ठेवत न्हवते. आणि तक्त्यात तर कधीच न्हाय. म्हणायचे, तक्त्यावर पोरं परीक्षेला जात्यात, तिथं चेष्टा नको."

म्हणजे दहा चुका सरांनी ठेवलेल्या, आणि ही अकरावी खरीखुरी. नेमकी तीच, जिच्यामुळं ती मुलगी नापास झाली.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडं गेले. खोटीचं सगळं सांगितल्यावर त्या खूश झाल्या. मग मी ज्योतीच्या तक्त्याचं सांगितलं. रंग उलटे लिहिलेत, एवढी एक मात्र खरीच चूक दिसते, म्हणाले.

काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली. "ती वही," त्या म्हणाल्या, "त्यांनी सोलापूरला दवाखान्यात लिवली. जुनी वाळवीनं खाल्ली म्हणून नव्यानं उतरवत होते. माझं आपरेशन झालेलं. माझ्या उशाशी बसून लिवायचे, मी कण्हले की वही ठेवायचे, पाणी पाजायचे, परत घ्यायचे." त्यांनी पदरातली फोलपटं झटकली. "मग माझ्यामुळंच झालं की हे."

"असं कुठं असतंय, काकू," मी म्हणाले. पण मी ते जोर लावून म्हणाले नाही. कारण मला सुटल्यासारखं झालं होतं. चुकीला एक कारण मिळालं होतं, आणि ते सरांच्या बुद्धीवर जात नव्हतं. बायकोच्या उशाशी बसलेल्या माणसाला कोण नावं ठेवेल.

"कुठले दोन म्हणालात?" काकूंनी विचारलं.

"स्ट्रॉन्शियम आणि बेरियम. एकाचा रंग दुसऱ्याला लागलाय."

"वही काढू का माळ्यावरून? बघता?"

"नको, नको. कशाला चढता या वयात," मी म्हणाले.

हे वाक्य मी आता रोज ऐकते. सरांचा घसा खाकरणं परवडलं, हे नाही.

स्टाफच्या बैठकीत मी उभी राहून बोलले. खोटीची पद्धत सांगितली तेव्हा सगळे थक्क झाले. मग अकराव्या चुकीचं सांगितलं, दवाखान्याचं, उशाशी बसून लिहिण्याचं. दोघीतिघींनी डोळे पुसले. मी छान बोलले होते. मुक्त नोट्समध्ये प्रत्येक धड्याच्या वर लिहिलं, की या धड्यात सरांनी एक खोट ठेवली आहे, ती शोधा, आणि उत्तरं सगळ्यात शेवटी दिली. ज्योतीचा तक्ता दुरुस्त केला आणि खाली टीप घातली: 'मूळ वहीतील चूक, घरच्या आजारपणाच्या काळात राहून गेलेली.' ही टीप घालताना माझा हात अडखळला नाही.

नोट्स काढून टाकण्यापासून वाचल्या. आधीपेक्षा जास्त चालल्या. इतिहासाचे सर वही घेऊन परत आले, आणि त्यांनीही आपल्या धड्यांत एकेक खोट घातली. मुरुमकडच्या बाईंना मी फोन केला, माफी मागितली, म्हणजे सरांच्या वतीनं मागितली. त्यांची विद्यार्थिनी पुढच्या खेपेला परीक्षा देऊन पास झाली. पण मधलं तिचं वर्ष गेलं ते गेलंच.

काकूंकडं माझं जाणं कमी झालं. काम संपलं होतं. एकदा बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, ती टीप मी वाचली. बरं झालं लिवलंत. लोकांना कळंल, ते असे चुकणारे न्हवते, माझ्यापायी चुकले." मी भाजी घ्यायच्या घाईत होते. हो हो म्हणाले आणि पुढं गेले.

गेल्या वर्षी काकू वारल्या. तेराव्याला मी गेले तेव्हा मुलानं माळ्यावरून दहाही वह्या काढून एका पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. "मॅडम, घर आता बंदच राहणार. या तुमच्याकडंच असू द्या." मी त्या वाचनालयात आणल्या. नोंद करायची म्हणून एकेक उघडून पानं मोजत होते. दुपारची वेळ, वाचनालयात कुणी नव्हतं.

ज्योतीच्या धड्याची वही उघडली. तक्त्याच्या पानात एक कागदाचा कपटा घातलेला होता, आणि त्यावर काकूंच्या अक्षरात, शाळकरी गोल अक्षरात, दोनच शब्द होते. स्ट्रॉन्शियम, बेरियम. माझ्याकडून ऐकलेले विसरू नयेत म्हणून लिहून ठेवलेले.

तक्त्यात या दोन ओळींपुढं निळ्या बॉलपेननं खाडाखोड केलेली होती. खोडलेल्याच्या वर त्याच गोल अक्षरात दुसरं लिहिलं होतं. स्ट्रॉन्शियम: हिरवा. बेरियम: लाल. मला कळंना. हे तर अजून चुकलेलंच होतं. मी वही खिडकीपाशी नेली, पान उजेडात तिरपं धरलं आणि निळ्या रेघांच्या खालचं काळ्या शाईतलं सरांचं अक्षर वाचलं.

स्ट्रॉन्शियम: लाल. बेरियम: हिरवा.

मी ते पाच-सहा वेळा वाचलं. सरांनी बरोबर लिहिलं होतं. दवाखान्यात, कण्हणाऱ्या बायकोच्या उशाशी बसून, पाणी पाजत, बरोबर लिहिलं होतं. उलटं मी केलं होतं. त्यांच्या घरी बसून टाइप करताना कुठंतरी माझी नजर एक ओळ खाली घसरली होती. कधी, कशानं, मला काही आठवत नाही. लाइट गेली होती का, चहा आला होता का, की नुसतीच डुलकी लागली होती, मी रात्रंदिवस आठवून बघते.

आणि काकू. पंच्याहत्तरीच्या पुढची बाई, शिडी लावून माळ्यावर चढली असेल. नवऱ्याच्या वहीतली आपल्यापायी झालेली चूक आपणच पुसावी म्हणून. रसायनशास्त्रातलं तिला काय कळणार. मी सांगितलं होतं रंग उलटे आहेत, तर तिनं ते उलटे केले. वहीत काय आहे हे मी डोळ्यांनी बघितलं असतं तर तिथल्या तिथं संपलं असतं. ती विचारत होती, वही काढू का. मी नको म्हणाले.

टीप मी त्याच दिवशी काढली. तिथं लिहिलं, की हा तक्ता सरांच्या वहीत पहिल्यापासून बरोबर होता, चूक टाइप करणाऱ्या ग्रंथपालाची आहे, सरांच्या घरच्या आजारपणाचा तिच्याशी काही संबंध नाही. मुरुमकडच्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं." प्राचार्य म्हणाले, झालं गेलं. इतिहासाचे सर म्हणाले, चूक कुणाच्या हातून होत नाही. सगळे चांगले वागले. कुणीतरी मला चार शब्द सुनवायला हवे होते, तेवढं कुणी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती वही घेऊन काकूंच्या घरी गेले. का गेले ते माझं मलाच माहीत नाही. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई अंगणात होत्या, त्यांनी विचारलं, काय काम होतं. मी म्हणाले, काकूंना एक सांगायचं राहिलं होतं.

"आता कुणाला सांगताव, मॅडम," त्या म्हणाल्या.

मी वही पिशवीत घातली आणि कॉलेजात परत आले.